साबळे मॅडमच्या वर्गातला पेशंट

“एकशे चोवीस,” पोरगी म्हणाली.

मी कॉटवर पडलेलो. डोळे मिटलेले. माझं मनगट तिच्या हातात. तिची बोटं नळाखाली धरल्यासारखी गार होती.

“किती?” साबळे मॅडमनी विचारलं. आवाज एकदम हळू. त्यांचा आवाज हळू झाला की वर्गातल्या पोरी श्वास घ्यायच्या बंद होतात.

“एकशे चोवीस, मॅडम.”

“हा माणूस मघापासून झोपून आहे. घोरायचाच काय तो बाकी आहे. आणि ह्याची नाडी एकशे चोवीस? बीबीच्या मकबऱ्यापासून पळत आलाय का हा?”

कुणी हसलं नाही. मॅडमनी विनोद केला तरी हसायचं नसतं, हे सगळ्या पहिल्या महिन्यातच शिकतात. मग मॅडमच्या हातातून किडनी ट्रे उडाला. किडनी ट्रे म्हणजे राजम्याच्या दाण्यासारखं वाकडं स्टीलचं भांडं. पेशंटला उलटी आली की तोंडाशी धरतात. तो फरशीवर आदळला आणि माझ्या कॉटखाली जाऊन गरगर फिरत राहिला.

“अंगठा! अंगठ्यानं मोजलीस तू!”

हे सांगावं लागंल. नाडी मधल्या बोटांनी बघतात. अंगठा लावायचा नाय. अंगठ्यात आपलीच नाडी जोरानं उडती, आणि माणूस पेशंटची समजून आपलीच मोजत बसतो. ही पोरगी, सविता, स्वतःचीच नाडी मोजत होती. भीतीनं एकशे चोवीसला गेलेली. माझी आपली निवांत चालली होती.

“शनिवारी पुन्हा घेईन,” मॅडम म्हणाल्या. “नाडी, बीपी, सगळं. तेव्हाही हेच केलंस तर वॉर्डात पाठवणार नाही तुला. वडिलांना बोलवून ठेव. बॅग घेऊन घरी जायचं. कळलं?”

“हो मॅडम.”

“मोठ्यानं!”

सविता मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिली.

मी कोण, ते सांगतो. पैठण रोडवरच्या एका नर्सिंग स्कूलच्या प्रॅक्टिकल रूमचा मी अटेंडंट. राहायला शहागंजात. शिक्षण चौथी. घरात आमची दखनी, कामावर मराठी, आणि दोन्हीत मी कुणाचं ऐकून घेत नाय. सगळे मला चाचा म्हणतात. रूम उघडायची, चादरी मोजून द्यायच्या, पुतळ्याला अंघोळ घालायची हे माझं काम. पुतळा म्हणजे रबराचा पेशंट. पण पुतळ्याला नाडी नसती. बीपी नसतं. म्हणून नाडी-बीपीच्या दिवशी त्याच्या जागी मी झोपतो. सदरा अंगात, एक बाही वर, बस. बाहीच्या वर काम नाय, हा माझा नियम.

आणि दुसरा नियम, कॉटवर पडलो की बोलायचं नाय. पुतळा बोलतो का? मग मी पण बोलणार नाय. पोरींनी पट्टा उलटा बांधला, नखं लावली, हात पिरगाळला, तरी मी हूं का चूं केलं नव्हतं. ह्या दंडावर शिकलेल्या पोरी आज कुठं कुठं हॉस्पिटलात हेड आहेत. माझ्या हातावर शिकायला लागलेली पोरगी अर्ध्यातून घरी गेली, असं एकदाही झालं नव्हतं. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

साबळे मॅडमचा राग कधी कसा येईल, सांगता यायचं नाय. सकाळी हसत यायच्या, हजेरी संपेपर्यंत डस्टर फेकून मारायच्या. पोरींनी आपापले तोडगे काढले होते. व्हरांड्यात मॅडमची चप्पल टाचेवर वाजली तर बरा दिवस, चवड्यावर वाजली तर कठीण. एकजण मॅडमच्या डोळ्यांत न बघता कपाळावरच्या टिकलीकडं बघायची. एकजण मनातल्या मनात पाढे म्हणायची. सविताकडं तोडगाच नव्हता. मॅडम बोलायला लागल्या की ही त्यांच्या तोंडाकडं बघायची आणि तिथंच अडकायची. हातात जे असंल ते तसंच हातात.

त्या दिवशी सगळ्या मेसला गेल्या तरी ती चादरीच्या कपाटाशी उभी होती.

“चाचा, मी जाते घरी. शनिवारची वाटच नाय बघत.”

“का गं? ट्रे लागला का तुला?”

“लागला नाय.”

“मग?”

“लागला असता तर बरं झालं असतं. रजा तरी मिळाली असती.”

पोरगी अजिंठ्याची. बापाचं लेण्यांच्या पायथ्याशी गारगोट्यांचं दुकान. त्या चमकणाऱ्या दगडांचं. लहानपणापासून ही दुकानावर बसलेली. वर्गात तोंड उघडत नसली तरी एरवी बोलण्यात कुणाला ऐकायची नाय. परदेशी माणसाला थांबवून दगड विकलेली पोरगी ती.

“गिऱ्हाईक ओरडत नाय का तिकडं?” मी विचारलं.

“लई ओरडतात. भाव ऐकून तर शिव्याच देतात.”

“मग तेव्हा काय करतीस?”

“काय करायचं? दगड पुढं करायचा. बघा म्हणायचं.”

“इथं पण तसंच कर.”

“इथं दगड कुठाय चाचा?” ती म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

मला चैन पडंना. चादरींच्या घड्या घालतोय, त्याच उलगडतोय. शेवटी मी मॅडमच्या केबिनला गेलो. बोलावलं नव्हतं. मी बोलावण्याची वाट बघणाऱ्यातला नाय.

“मॅडम, त्या अजिंठ्याच्या पोरीचं.”

“तुमचं काय काम आहे त्यात?”

“माझ्या हातावर शिकती ती.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “चाचा, वॉर्डात गेलात कधी? एका पेशंटमागं वीस नातेवाईक. डॉक्टर फाईल फेकतो. मामा-काका अंगावर येतात. ही पोरगी तिथं अशी पुतळा होऊन उभी राहिली तर पेशंट जाईल. मी इथं ओरडते म्हणून त्या तिथं टिकतात.”

“तिथं ओरडणारे रोज बदलतात मॅडम. इथं रोज तुम्हीच.”

“बाहेर जा.”

“जातो. पण—”

“बाहेर!”

गेलो. दार मीच लावलं. जरा जोरातच लावलं.

मग दुसरा इलाज केला. दुपारी रूम रिकामी असायची. सविताला बोलावलं, तिच्या दोन मैत्रिणींना दारात बसवलं. “मी कॉटवर पडतो आणि मीच मॅडम होतो. मी ओरडंन, तू बीपी घे.” तिनं पट्टा बांधला. मी पडल्या पडल्या ओरडलो, “क्या कर री तू? हात है के लकडी? अंधी है क्या?” पोरी हसून हसून लोळायला लागल्या. सविता पण हसली, पट्टा नीट बांधला, आकडा बरोबर सांगितला. रोज बरोबर सांगितला. मला वाटलं, जमलं. पण माझ्या ओरडण्याला ती हसायची. मॅडमच्या ओरडण्याला हसता येत नाय, ह्याचा काही इलाज माझ्याकडं नव्हता.

शनिवारी सविताचा बाप खरंच आला. व्हरांड्यातल्या बाकावर बसला, पायाशी पोरीची बॅग. बॅग तिनं स्वतःच भरून आणून ठेवली होती. माझं डोकंच फिरलं. “उचल ती बॅग इथून,” मी म्हणालो. तो बिचारा उठला, बॅग बाकाखाली सरकवली आणि पुन्हा बसला. मॅडमसाठी कागदात गुंडाळून एक मोठी गारगोटी आणली होती, ती मांडीवर धरून.

मॅडम आल्या. चप्पल चवड्यावर वाजत होती.

मी कॉटवर पडलो. नाडी झाली. मधली बोटं, आकडा बरोबर. मग बीपी. बीपी म्हणजे असं, दंडाला पट्टा बांधायचा. रबरी फुगा दाबून पट्ट्यात हवा भरायची, म्हणजे हाताचं रक्त घटकाभर थांबतं. मग फुग्याचा स्क्रू सैल करून हवा हळूहळू सोडायची आणि स्टेथोस्कोप कोपरावर ठेवून ठोके ऐकायचे. हवा भरली की लगेच सोडायला घ्यायची, हे सगळ्यात महत्त्वाचं.

सवितानं पट्टा छान बांधला. हवा भरली. यंत्रातला पारा वर चढला. स्टेथोस्कोप कानात घातला, आणि घाईत काड्या उलट्या घातल्या. त्या काड्या कानात पुढच्या बाजूला वळलेल्या पाहिजेत, नायतर नीट ऐकू येत नाय.

“उलटा!” मॅडम ओरडल्या. “स्टेथो उलटा! किती महिने झाले तुला? किती महिने? बाहेर बाप बसलाय तुझा, त्याला आत बोलावू? दाखवू त्याला, मुलगी काय शिकली?”

सविता मॅडमच्या तोंडाकडं बघायला लागली. झालं. फुगा मुठीत, स्क्रू बंद, पारा वरच.

मॅडम थांबंनात. हॉस्टेल काढलं, मोबाईल काढला, गावाकडच्या पोरींचं काढलं. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्या गेल्या आणि ठणका सुरू झाला. हात लाल झाला, मग निळसर. मी डोळे किलकिले करून बघत होतो. माझ्या हाताकडं कुणी बघंना. वर्ग मॅडमकडं बघतोय, मॅडम सविताकडं, सविता मॅडमकडं. पट्टा मला दुसऱ्या हातानं काढता आला असता. पण मी काढला असता तर सविता नापास झाली असती आणि बॅग अजिंठ्याच्या गाडीत बसली असती. दात दाबून पडून राहिलो. ठणका कोपराच्या वर चढला.

मग मी बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“सिस्टर, हात दुखतोय.”

पेशंट नर्सला सिस्टर म्हणतो. मी त्या पोरींना पोरी, बेटी, क्या री, असंच हाक मारायचो. सिस्टर कुणालाच म्हणालो नव्हतो. सविताची मान वळली. तिनं माझा हात बघितला.

स्क्रू फिरला. हवा फस्स करून सुटली. तिनं पट्टा ओढून काढला, हात आपल्या तळहातावर घेतला आणि तोंड सुरू झालं.

“काका, ढिला सोडा हात. असा. बोटं हलवा बरं. अजून. मुंग्या येतायत का? येणार, घाबरू नका, रक्त परत फिरायलंय. माझी चूक झाली, मी आधी सोडायला पाहिजे होतं. पाणी देऊ का?”

काका म्हणाली. चाचा नाय. मी तिला कुणीतरी अनोळखी पेशंट दिसत होतो.

“सविता! मी तुझ्याशी बोलतेय!”

“व्हय मॅडम, एक मिनिट,” ती मान न वळवता म्हणाली. “आधी पेशंटला बघते.”

मी पडल्या पडल्या मॅडमचा हात बघत होतो. ट्रे हाताशीच होता. आता उडाला तर कुणीकडं उडंल, ह्याचा अंदाज घेतला.

मॅडम कॉटजवळ आल्या. सविताच्या हातातून माझा हात घेतला. बोटाचं नख दाबलं, सोडलं. नखावर लाली परत येती का, ते बघतात तसं. आली.

“पुढं कर,” मॅडम म्हणाल्या.

“लगेच नाय घेता येणार मॅडम. जरा थांबून दुसऱ्या हातावर घेते.”

मॅडमचे ओठ हलले. पण त्या थांबल्या. आम्ही सगळेच थांबलो. मग सवितानं काड्या सरळ केल्या, मला सांगितलं, “काका, आता ह्या हाताला घट्ट वाटंल, पण मी लगेच सोडते,” आणि घेतलं.

“एकशे साठ, शंभर.”

“काय वाटेल ते सांगू नकोस. यांचं कायम एकशे तीस असतं.”

“आज नाय मॅडम. तुम्ही घेऊन बघा.”

मॅडमनी स्वतः घेतलं. पुन्हा घेतलं. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला.

“चाचा, गोळी घेता का काही?”

“कशाला? काय झालंय मला?”

“बीपी वाढलंय तुमचं.”

“तुमच्या वर्गात झोपतो मॅडम. वाढणारच.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी वळून बघितलं तोवर सगळे चेहरे सरळ झाले होते.

“चादर वाकडी आहे,” त्या सविताला म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या. आम्ही सगळे कान लावून. बाप बाकावरून उठल्याचा आवाज आला.

“बॅग कुणाची ही?”

“पोरीची, मॅडम. न्यायला आलो व्हतो.”

“कुठं न्यायला? सोमवारपासून वॉर्डात ड्युटी आहे तिची. हॉस्टेलला नेऊन ठेवा. आणि हे काय?”

“गारगोटी, मॅडम. तुमच्यासाठी.”

“मला दगड आणलाय?”

“व्हय.”

गारगोटी अजून मॅडमच्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवलीय, असं त्या सांगतात.

मॅडम सुधारल्या का, असं लोक मला विचारतात. नाय सुधारल्या. सोमवारीच दुसऱ्या एका पोरीवर त्यांनी पट्टीचा रोल फेकला. मला मात्र ओपीडीत धाडलं, गोळ्या चालू झाल्या. मला वाटलं, आता कॉटवरून सुट्टी. तर मॅडम म्हणाल्या, “उलट आता पडायचंच. वाढलेलं बीपी पोरींना कुठं सापडणार?” अजून पडतो.

सविता वॉर्डात टिकली. मध्ये भेटली तेव्हा सांगत होती, तिथले डॉक्टर मॅडमपेक्षा वाईट ओरडतात.

“मग काय करतीस?”

“ओरडू देते. सलाईन संपत आलेली असते ना चाचा.”

नव्या पोरी आल्या की मी कॉटवर पडायच्या आधीच त्यांना एवढं सांगून ठेवतो. ओरडणाऱ्याच्या तोंडाकडं बघत उभं राहू नका. तुमच्या मुठीतल्या फुग्याला माणूस बांधलेला असतो, आधी हवा सोडा. ओरडणारा कुठं जात नाय. त्याचं नंतर ऐकता येतं.