बर्फातली पंचमी

एक लहानसा थंड देश आपले सिनेमे घेऊन आमच्या मुलखात आला होता. आपले सिनेमे परदेशात नेऊन दाखवतात हे ऐकून होतो; पण इथं आपणच परदेश, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. पहिला खेळ नांदेडजवळ विष्णुपुरीला, दुसरा दुसऱ्या दिवशी लातूरला. सगळी जुळवाजुळव करणारा प्राध्यापक माझा जुना विद्यार्थी. खुर्च्या भरायला त्यानं बचत गटाच्या बायका बोलावल्या आणि मग त्याच्या लक्षात आलं, की पडद्याखालच्या इंग्रजी ओळी त्यांना कोण वाचून दाखवणार. तेव्हा त्याला मी आठवलो. सगळा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवलेला आणि आता घरी बसून बायकोच्या भाजीत खोड्या काढणारा माणूस. माईक हातात देतो म्हटल्यावर मी नाही कशाला म्हणतो.

अडचण अशी झाली, की सिनेमात जिकडेतिकडे बर्फ आणि खालच्या ओळी पांढऱ्या. मला बसवलं होतं पडद्याच्या अगदी कडेला, तिरपं. माणसं घरात असली की ओळी दिसायच्या, बाहेर पडली की पांढऱ्यात पांढरं. आणि मास्तराला ‘दिसत नाही’ म्हणायची सवय नसते.

गोष्ट एका नवराबायकोची. नवरा गरीब स्वभावाचा. दारू नाही, हात उचलणं नाही, उलट सूपसुद्धा तोच करायचा. एक दिवस बाई पिशवीत चार कपडे भरते, कसलीशी बरणी बरोबर घेते आणि बर्फात बसची वाट बघत उभी राहते. तेव्हा ओळी आल्या असतील, मला दिसल्या नाहीत. पण चार कपडे, बरणी आणि बस. आमच्याकडच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. मी माईकवर सांगून टाकलं, की ती माहेरी निघाली आहे.

सभागृह एकदम सैलावलं. पुढे एका म्हातारीनं तिला दार उघडलं आणि हातात किल्ली दिली. मी म्हणालो, ही तिची आई, कपाटाची किल्ली लेकीच्या हवाली करते आहे. मग नवरा आला, दोघं अंगणात चहा प्याले आणि तो एकटाच परत गेला. हे मला जरा जड गेलं. न्यायला आलेला जावई रिकाम्या हातानं का जाईल? मी म्हणालो, पंचमी झाली की पाठवतो म्हणतात. भर बर्फात मी नागपंचमी आणली आणि त्या भरल्या सभागृहात एकीलाही ते खटकलं नाही. शेवटी ती बाई टेबलाशी एकटीच पाव खात बसते आणि स्वतःशी हसते. दोन दिवसांत सासरी जाईल, असं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या देशाची पाहुणी बाई माझ्याशी हात मिळवून म्हणाली, आमच्याकडे या सिनेमाला कुणी टाळ्या वाजवत नाही. मी चांगलाच फुगलो.

माझी मुलगी मागे उभी होती. तिचा चेहरा काही टाळ्या वाजवणाऱ्याचा नव्हता.

तिचं सासर लातूरला. गेल्या पंचमीला ती एक पिशवी घेऊन आली ती परत गेलीच नाही. गल्लीत मी सांगत आलो, की पंचमीला आली आहे. मग महालक्ष्म्यांना ठेवून घेतली. मग दिवाळी. मग तिच्या आईचा गुडघा. संक्रांत झाली तसे सण संपले आणि माझी कारणंही. तिला विचारलं तर म्हणायची, काही झालं नाही. मारतात का? नाही. सासू बोलते का? नाही. मग? मग काही नाही. भांडण असतं तर मी चार माणसं घेऊन गेलो असतो, पण ‘काही झालं नाही’ याचं काय करायचं असतं ते मला कळत नव्हतं. तिचा राग यायचा, आणि जेवायला बसली की ती पोटभर जेवते की नाही हेही मीच बघायचो.

परतताना तिच्या स्कूटीवर मागे बसलो. पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, “अप्पा, ती तिची आई नव्हती. घरमालकीण होती. भाड्याच्या खोलीची किल्ली दिली तिनं.”

मी बर्फाला बोल लावला. ती म्हणाली, मागून समोर बघताना सगळ्या ओळी नीट दिसत होत्या. नवऱ्याला ती काय म्हणाली तेही तिनं वाचलं होतं. काय म्हणाली, मी विचारलं.

“तू वाईट नाहीस. पण मी परत येणार नाही.”

आणि का, ते? ते सिनेमात सांगितलंच नाही, ती म्हणाली. मी चिडलो. एवढा वेळ माणसाला बसवून ठेवायचं आणि कारणच सांगायचं नाही, हा कसला सिनेमा? घर येईपर्यंत मलाच समजेना, की मी सिनेमावर चिडलो आहे की आणखी कशावर.

लातूरला मी तिला बरोबर घेतलं. ओळी तिनं कानात सांगायच्या, मी माईकवर बोलायचं. खरं सांगायचं तर तिथं जायची माझी छाती होत नव्हती, कारण लातूरला व्याही होते आणि मी येणार म्हटल्यावर ते घरी थांबणारे नव्हते. सरळ माणूस. खेळाआधीच जवळ आले आणि म्हणाले, “इवाई, संक्रात बी झाली. लेकीला कधी पाठवता?” मी नेहमीसारखा हसलो आणि गुडघ्याचं काहीतरी पुटपुटलो. मुलगी शेजारीच माईकच्या वायरचा गुंता सोडवत होती. तिनं मान वर केली नाही.

सिनेमा सुरू झाला. बाईनं पिशवी भरली तशी मागून एका बाईचा आवाज आला, माहेरला निघाली वाटतं. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. किल्लीच्या वेळी मुलगी कानाशी म्हणाली, घरमालकीण. मी तसंच सांगितलं आणि सभागृहात चुळबुळ झाली. मग नवरा आला. चहा आला. मुलगी माझ्याकडे वाकली. काल स्कूटीवर तिनं ते वाक्य धडा वाचावा तसं सांगितलं होतं. आज तिचा आवाज कापत होता. ती पडद्यावरचं वाचते आहे की मला काही सांगते आहे, हे क्षणभर मला कळेना. व्याही समोर तिसऱ्या रांगेत होते. एखादा सण घुसवून वेळ मारून नेणं मला सहज जमलं असतं.

मी माईकवर म्हणालो, “तू वाईट नाहीस. पण मी परत येणार नाही.”

मघाच्याच बाईनं विचारलं, “का ओ सर? काय केलं त्यानं?”

मला माहीत नाही, मी म्हणालो. काही केलं नाही त्यानं. पण ती येणार नाही. स्पीकरमधून फिरून आलेला माझा आवाज मलाच ओळखू येईना.

दिवे लागले तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. व्याही थेट माझ्याकडे आले. बराच वेळ ते त्या सिनेमातल्या नवऱ्याबद्दलच बोलत राहिले. एवढं सगळं करायचा, बिचाऱ्याचं चुकलं तरी काय. मी म्हणालो, मलाही समजलेलं नाही, कितीदा विचारलं तरी समजलेलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, “म्हणजे पाठवत न्हाईत?”

“न्हाई,” मी म्हणालो.

ते मुलीकडे गेले. आता हिला बोलतील असं वाटून मी मधे पडायला पुढेही झालो. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुझी शिलाई मशीन तिथंच हाय, बाई. मीच आणून देतो.”

ती रडायला लागली. इतक्या महिन्यांत ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. व्याह्यांचेही डोळे भरले होते. मी दोघांच्या मधे उभा होतो आणि आधी कुणाची समजूत काढायची, तेच मला कळत नव्हतं.