आत्याने बेतलेलं गेट

आत्याच्या घराला इतकी वर्षं गेट नव्हतं. तिला विचारलं तर ती म्हणायची, आमच्या जागेच्या अंगाला बसेल असं गेट अजून जन्माला यायचंय. मला विचाराल तर दोष आतोबांचा. ते पोस्टमन. साऱ्या वसाहतीला प्लॉट वाटपाची पत्रं त्यांनी स्वतःच्या हाताने पोचवली, आणि आपला अर्ज मात्र सगळ्यांची पत्रं वाटून झाल्यावर भरला. चौकोनी तुकडे लोकांनी नेले आणि उरलेली कतरण यांच्या पदरात पडली. कतरण हा शब्द आत्याचा. ती शिवणकाम करते आणि जगाकडे कापड म्हणूनच बघते.

या कतरणीत घर कसंबसं बसलं, पण गाडी आत घ्यायची वाट काही सरळ होईना. ती रस्त्याला तिरकी लागते, डाव्या अंगाला घसरते, आणि आत शिरल्या शिरल्या स्वयंपाकघराचा कोपरा पुढ्यात येतो. त्याला वळसा घालून मगच अंगण. माझा आतेभाऊ बँकेत मॅनेजर आहे आणि घरातसुद्धा मॅनेजरच आहे, म्हणून आत्या त्याला त्याच नावाने हाक मारते. त्याने नवीन गाडी पहिल्यांदा आणली तेव्हा त्या कोपऱ्यावर तिची एक बाजू पार सोलवटून घेतली. आत्या बाहेर आली, भिंतीचा पोपडा उडाला का ते बघितलं आणि आत गेली.

गेटवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते आतोबा विसरायला लागल्यापासून.

आधी ते चष्मा विसरले. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण चष्मा ते तरुणपणापासून विसरत होते. मग दिवस-वार गेले, मग रस्ते, आणि एके सकाळी त्यांनी आत्याला विचारलं, "बाई, तुम्ही इथे कामाला आहात का?" आत्या म्हणाली, "तशीच आहे म्हणा." त्या दिवशी तिने मशीनला हात लावला नाही. संध्याकाळी मी गेले तेव्हा ती माझ्याशी भलत्याच विषयावर भांडली, आणि भांडता भांडता रडली. नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव आता कधी ऐकू येणार नाही, एवढंच तिला सलत होतं. बाकी सगळं ती निभावून नेणार होती.

नाव गेलं तरी नोकरी मात्र आतोबांच्या अंगातून गेली नाही. सकाळ झाली की खांद्याला पिशवी, पिशवीत जुनी वर्तमानपत्रं, आणि स्वारी टपाल वाटायला निघाली. कधी किराणावाला परत आणायचा, कधी शाळेचा शिपाई. एकदा मात्र ते सापडले हमरस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी ट्रक भोंगे वाजवताहेत आणि हे त्यांना हाताने थांबवून पत्ता विचारताहेत. त्या रात्री मॅनेजर आला. त्याने एक संस्था बघून ठेवली होती. स्वच्छ, बाग असलेली, दाराशी पहारा. ती नको असेल तर खोलीला बाहेरून कडी लावू म्हणाला.

"कडी लावून मी माणूस ठेवणार नाही," आत्या म्हणाली. "लहानपणी तू यांच्यापेक्षा जास्त पळायचास. तुला कोंडलं होतं का कधी?"

"न्हाणीघरात. दोनदा."

"तेव्हा तू नागडा होतास. पाहुणे बसले होते बाहेर."

शेवटी मायलेकांचं ठरलं. आत्याने गेट बसवून घ्यावं. गेट बसलं आणि आतोबा आत राहिले तर ठीक. पुन्हा एकदा रस्त्यावर सापडले तर मॅनेजर त्यांना संस्थेत नेणार आणि आत्या मध्ये बोलणार नाही. बोलणार नाही, हे तिने कबूल केलं म्हणून मला धडकी भरली. आत्या उगाच काही कबूल करत नाही.

मग वेल्डर आला. दिवसभर तोंडापुढे काळी काच धरून असल्यामुळे असेल, पण हा माणूस काचेशिवायसुद्धा कुणाकडे नीट बघत नसे. सरकतं गेट लावू म्हणाला. सरकवणार कुठे? एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला आत्याचं स्वयंपाकघर. दोन सारख्या फळ्या लावल्या तर एक फळी त्या कोपऱ्यावर आपटते. बाहेर उघडणारं लावावं तर येणारी-जाणारी बस ते घेऊन जाईल. दुकानासारखं शटर सुचवलं तेव्हा आत्याने नुसतं बघितलं. मॅनेजरने फोनवरून उघडणारं गेट सुचवलं. आत्याचा फोन दिवसातून निम्मा वेळ कापडाच्या ढिगाखाली वाजत असतो, तेव्हा तेही बारगळलं. वेल्डरने अखेर रेल्वे फाटकासारखा वर जाणारा आडवा दांडा काढला. आत्या म्हणाली, अहो, ज्या माणसाने जन्मभर कुत्री चुकवली तो तुमच्या दांड्याखालून वाकून जाणार नाही का?

वेल्डरने टेप लावला. वरून एक माप येई, खालून दुसरं, आणि तिरकं धरलं की तिसरंच. त्याच्या नाकी नऊ आले. आत्या बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभी होती. मग आत गेली आणि जुन्या चादरी घेऊन आली.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "हे अंग वाकडं आहे. याचं माप घ्यायचं नसतं, याच्यावर कापड टाकायचं असतं."

वाटेच्या तोंडावर आडवी दोरी बांधली. तिच्यावर चादरी सोडल्या, टाचण्या लावल्या. मी एक टोक धरून उन्हात उभी. आत्या अंगणाच्या बाजूने फतकल मारून बसली आणि जमिनीच्या उतारानुसार खडूने रेघ ओढत गेली. छोटी फळी कोपऱ्याकडे, मोठी फळी भिंतीकडे आणि तीही मध्ये दुमडणारी. खालची कड तिरकी कापलेली, म्हणजे मांजरसुद्धा जायला नको. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. एकाने नाटक कुठलं म्हणून विचारलं. आत्याने त्याला तिकिटं संपल्याचं सांगितलं.

बाकीचं तिने तोंडी सांगितलं. दर्शनी बाजूला पत्रपेटी, घंटा आणि मोठी कडी, गिऱ्हाइकांना सहज उघडता यावी अशी. मागच्या बाजूला, म्हणजे आतून उघडायला, एक चोर खटका, जो फक्त तिला ठाऊक असेल. आणि नावाची पाटी. वेल्डरने आतोबांचं नाव लिहून घेतलं होतं. आत्याने ते खोडायला लावलं. "गेट मी बेतलं, गिऱ्हाईक माझं, नाव माझं." वेल्डर चादरी गुंडाळून घेऊन गेला. असं काम त्याला कुणी आजवर दिलं नसावं, पण त्याने ते चोख केलं. नको तिथे चोख केलं.

मॅनेजर गेट बघायला येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी ते आलं. टेम्पोतून उतरवलं, दोघा-तिघांनी खांबांपाशी उभं धरलं, आणि सगळे वाकून खाली बघायला लागले. एक टोक जमिनीत घुसत होतं आणि दुसऱ्या टोकाखालून मांजर काय, मॅनेजर गेला असता. कुणीतरी म्हणालं, फिरवून बघा. फिरवलं, तर असं बसलं की नखभर फट राहिली नाही. फक्त पाटी, पेटी, घंटा आणि कडी अंगणाकडे. रस्त्याकडे नुसते गज आणि तो चोर खटका.

"खडूच्या खुणा होत्या ती मी सुलटी, दर्शनी बाजू धरली," वेल्डर म्हणाला.

"खुणा नेहमी उलट्या बाजूला असतात," आत्या म्हणाली. "सुलटीवर खडू कोण फिरवतं?"

त्याच्या धंद्यात तो बरोबर होता आणि तिच्या धंद्यात ती. दोघांनी एकमेकांची अक्कल काढली, शेजाऱ्यांनी ती ऐकली. अखेर वेल्डर म्हणाला की आज बसवतो, पुढच्या आठवड्यात उचलून नेतो आणि नवं करून देतो. पण मॅनेजर उद्या येणार होता. आणि जी कडी साऱ्या जगाला सहज उघडता यावी म्हणून केली होती, ती नेमकी आतोबांच्या हाताशी आली होती. आत्या जेवली नाही. माझं बेतणं कधी चुकत नाही, एवढंच दोनदा म्हणाली, आणि मला तिची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर आला. गाडी त्याने शहाणपणाने रस्त्यावरच ठेवली. कडी उघडायला त्याला गजांतून हात घालावा लागला. आत आल्यावर त्याने स्वतःच्या आईचं नाव वाचलं आणि कडी दोनदा वरखाली करून बघितली. त्यापेक्षा तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन बसलो, आणि तेवढ्यात खिडकीतून आतोबा दिसले. खांद्याला पिशवी, टोपी सरळ केलेली, थेट गेटाकडे.

मॅनेजर उठला. आत्याने त्याची बाही धरली. का धरली ते तिलाही सांगता आलं नसतं.

आतोबा गेटाशी पोचले आणि थांबले. कडीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या कडीला पोस्टमन हात लावत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका कुत्र्याने त्यांना हे शिकवलं होतं, आणि त्यानंतर ते आपले दारात उभं राहून घंटी वाजवत आणि वाट बघत. आताही त्यांनी घंटा वाजवली. एक पाऊल मागे सरले. पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, पाटीकडे मान वर केली, आणि पोस्टमन हाक मारतो तसं मोठ्याने, स्वच्छ, आत्याचं पूर्ण नाव घेतलं.

आत्याच्या हातातून बाही सुटली. कुणी येईना म्हणून त्यांनी पुन्हा एकदा नाव घेतलं.

ती अंगणातून गेली. गेटापलीकडून यायच्या ऐवजी ती पाठीमागून आली, याचं त्यांना काही वाटलं नाही.

"त्या आहेत का घरी? त्यांच्याच हातात द्यायचं आहे."

"मीच ती."

त्यांनी पाटी बघितली, तिला बघितलं. ती सांगते आहे त्यावर त्यांचा विश्वास बसला असावा. "मग सही करा," म्हणाले. आत्याने खडूच्या तुकड्याने वर्तमानपत्राच्या कडेला सही केली. खिडकीशी मॅनेजर नाक ओढत होता. त्याने फोन काढून वेल्डरला सांगितलं की गेट न्यायला येऊ नका, आहे तसंच राहू दे.

"ऊन फार आहे," आत्या म्हणाली. "आत येऊन पाणी तरी घ्या."

आतोबा घुटमळले. "नको बाई. उशीर होईल. घरी बायको वाट बघत असते."

"बघू दे," आत्या म्हणाली. "तिला सवय आहे."