मेहुण्याच्या सल्ल्याने घेतलेला पंप

आमच्या हिरवळीचा मधला पट्टा तणनाशकानेच जळाला आहे, हे आज दुपारी कृषी केंद्राच्या मालकांनी फोटो पाहताक्षणी सांगितलं. पुढच्या महिन्यात लेकीचा साखरपुडा बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी, याच हिरवळीवर ठरला आहे.

चूक फवारणीचा पंप निवडतानाच झाली. मला पाठीवरचा लहान बॅटरी पंप हवा होता. सोबत आलेला मेहुणा विनोद म्हणाला, "भाऊजी, इतकुसा कायले घेता? मोठा घ्या, वावराले बी कामी येईन."

घेतला. पंप आधी आर्वीला विनोदच्या वावरात गेला आणि तणनाशक मारून परत आला. त्याच पंपाने मी हिरवळीवर खत फवारलं.

"मी तं टाकी दोनदा धुतली होती!" विनोद फोनवर म्हणाला.

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला. "अन् नळी, नोझल?"

"ते राह्यलंच ना, ताई."

आज शेवटी लहान पंप घेतला. त्याचा फोटो पाहून विनोदने लगेच कळवलं, "भाऊजी, हा तं वावरात काईच कामाचा नाई." मी लिहिलं, "म्हणूनच घेतला."

घरासाठी वस्तू घेताना तुम्हालाही सगळ्या नातेवाइकांची सोय बघावी लागते का?

रविवारी विनोद येऊन जळका पट्टा खोदणार आणि तिथे नवं गवत लावणार आहे. साखरपुड्यापर्यंत ते मूळ धरेल, असं दुकानदार म्हणतात. बायकोने मात्र मंडपवाल्याकडे हिरव्या गालिच्याची चौकशी करून ठेवली आहे.