अक्कांचा अंबाडा

घटस्फोटित बापाचं नाटक, तेही विनोदी आणि गाण्यांचं. धुळ्यात लागलं तेव्हा मी मुद्दाम गेले. मैत्रीण म्हणाली, "तू कशाला जातेस?" म्हटलं, "का, माझ्यासाठी तिकिटं वेगळी छापलीत?" आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि घटस्फोट घेणारीही पहिलीच. दोन्ही गोष्टी मी मान वर करून सांगते.

सात वर्षांची लेक सोबत होती. नाटकातली मुलं कोर्टाने आईकडे दिलेली. मग बाप लुगडं नेसतो, केसांचा टोप चढवतो आणि म्हातारी स्वयंपाकीण बनून स्वतःच्याच घरात कामाला राहतो. पोळ्या लाटता लाटता गातो, पोरांचा अभ्यास घेतो, बायकोला भेटायला येणाऱ्या माणसाच्या भाजीत तिखट ओततो. शेवटी नाचताना टोप निघून पडतो. अख्खं नाट्यगृह शिट्ट्या मारत होतं. लेक मात्र हसली नाही, खुर्चीच्या टोकाशी सरकून बघत राहिली.

रिक्षात म्हणाली, "मम्मी, कोणालाच ओळखू आलं नाही?"

"नाटक होतं गं ते."

"पण त्याच्या मुलीलासुद्धा नाही?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेल. आठवत नाही.

तिचे पप्पा जळगावला असतात. केळीच्या गाड्या भरून बाहेरगावी पाठवण्याचा धंदा. सुरुवातीला रविवारी यायचे. मग दुसरं लग्न झालं आणि येणं थांबलं. मी लेकीला कधी खोटं बोलले नाही. कामात आहेत, आजारी आहेत, असलं काही नाही. "पप्पा आता येत नाहीत," एवढंच. खरं सांगितलं की मूल पक्कं होतं, असं मला वाटायचं.

मग अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात अखाजीला लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधलेले असतात आणि भेटेल ती बाई विचारते, "कधी आलीस? किती दिवस आहेस?" मी सरळ सांगते, "मी इथेच असते." समोरची गडबडते. गडबडू दे.

सणाला खापरावरच्या पुरणपोळ्या लागतात. लाटणं नाही, पाट नाही. पोळी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायची. आईचं मनगट दुखावलेलं, म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, चोपड्याकडच्या एक अक्का बोलावल्या. उंच, खांदे रुंद, आवाज घोगरा, ओठांवर बारीक लव. आल्या तशा पदर खोचून मागच्या अंगणात चुलीपाशी बसल्या आणि गुणगुणू लागल्या.

लेक दिवसभर त्यांच्या मागे. त्यांना पाणी नेऊन दे, वारा घाल. मला बरं वाटलं, पोरगी कामाला लागली.

"अक्का, तुम्हाला जळगाव माहितेय?"

"माहीत शे ना व माय. मन्हा भाऊ तठे ऱ्हास."

लेक तोंडावर हात ठेवून हसली. "मला कळलंय," ती हळूच म्हणाली.

"काय कळनं तुले?"

"कोणाला नाही सांगणार. मम्मीलासुद्धा नाही."

अक्का मला म्हणाल्या, "पोर भलती गोड शे, पण काय बोलस, काही समजत नही." मलाही समजलं नव्हतं. मी रस काढत होते.

अक्कांच्या दोन्ही हातांवर पोळी होती तेव्हाच लेकीने मागून त्यांचा अंबाडा धरला आणि सगळा जीव लावून ओढला.

अक्का ओरडल्या. पोळी राखेत पडली. "अव माय! मन्हा खरा केस शेतस!" आबा धावत आले. आईला आधी हसू फुटलं, मग ती रागावली. लेकीने अंबाडा सोडला नव्हता. मी तिची बोटं सोडवायला लागले तेव्हा ती माझ्याकडे बघून रडकुंडीला येत म्हणाली, "निघत का नाहीये?"

तेव्हा मला कळलं.

अक्कांना मी थोडक्यात सांगितलं. तशाच विस्कटलेल्या केसांनी त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं. रागावल्या नाहीत.

मी आत जाऊन जळगावला फोन लावला. त्या नंबरला मी स्वतःहून कधीच फोन करणार नव्हते. ती माझी ऐट होती. त्या दिवशी म्हटलं, "एकदा येऊन जा. माझ्यासाठी नाही. मी घरात थांबणार पण नाही, हवं तर." पलीकडे सणाचा गलका होता, लहान बाळाचं रडणं होतं. ते म्हणाले, "आता सीझन आहे गं. बघतो." त्यांचं 'बघतो' मी संसारात भरपूर ऐकलंय.

वळले तर लेक दारात. हाताला राख.

"पप्पा होते? येणार आहेत?"

पहिल्यांदाच माझ्या तोंडात खोटं आलं. सोपं होतं, एका शब्दाचं. पण मग ती पुढच्या प्रत्येक पाहुणीचा अंबाडा ओढून बघत बसली असती.

"नाही येणार, बेटा."

ती रडेल म्हणून मी खाली बसले, हात पसरले. ती आली नाही. मागे वळून अंगणाकडे बघत राहिली. तिथे अक्का केस बांधून पुन्हा चुलीपुढे बसल्या होत्या.

"मग अक्का उद्या येतील?"

मी म्हटलं, "नाही. त्यांचं काम आजच्यापुरतंच होतं."