मागच्या जिन्यानं ये

मी प्रेमकथा लिहिते. लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. चाळिशी उलटलेली, नवऱ्याला सोडून भावाकडे राहणारी बाई चिक्कडपल्लीच्या फ्लॅटमध्ये बसून हलक्याफुलक्या, सोज्वळ प्रेमकथा लिहिते आणि पुण्याचं एक गोष्टी ऐकवणारं ॲप त्या घेतं. नियम साधे. हातात हात, त्यापुढे काही नाही. भांडण असावं, पण ऐकणारीला भाजी चिरता चिरता हसू यावं असं. शेवट गोड. संपादक बाई फोनवर बजावायच्या, "ताई, सगळ्या घरासमोर लावता आलं पाहिजे."

माझा नायक कधी कुणावर हात उगारत नाही. हे मी मुद्दाम करते, अगदी सूड उगवल्यासारखं करते, कारण नवऱ्याचा मार खाऊनच मी इथं आले. आणलं अण्णानंच, माझ्या थोरल्या भावानं. नवऱ्याला त्याच्याच दारात बडव बडव बडवून मला गाडीत घातलं. तेव्हा मला अण्णाचं कोण कौतुक वाटलं होतं! भाऊ असावा तर असा, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

गोष्टी रेकॉर्ड करायची अण्णाची मुलगी, ऑफिसला सुट्टी असेल त्या दिवशी. आवाज असा की ऐकत राहावं. पण पोरगी शिकली इंग्रजीत, दोस्ती तेलुगूत, भांडण दखनीत. मराठी फाडफाड बोलते, पण वाचायला दिली की एकेक अक्षर लावत बसते. "आत्या, नक्को ना, तूच बोल, मी पाठ करते." मग आम्ही तशीच रीत पाडली. मी वाक्य म्हणायचं, तिनं घोकायचं. नायकाचा भाग पुण्यातला कुणी मुलगा वेगळा रेकॉर्ड करायचा, म्हणून हिनं फक्त नायिकेचं बोलायचं आणि मधे त्याच्यासाठी जागा सोडायची. रस्त्यावरचे हॉर्न, पंख्याची घरघर काही येऊ नये म्हणून पंखा बंद, दाराला आतून कडी, डोक्यावर गोधडी आणि तोंडाशी फोन. वाचत असती तर अडखळली असती. पाठ केलेलं ती असं बोलायची की कुणालाही खरं वाटावं.

त्या दिवशीचा भाग मला फार आवडला होता. नायिकेच्या हातून वडिलांचा जुना रेडिओ पडतो, शेजारचा मुलगा तो गुपचूप दुरुस्त करतो आणि आता तो वडिलांच्या नकळत जागेवर ठेवायचाय. म्हणून ती त्याला सांगते, "मागच्या जिन्यानं ये. पप्पांना कळलं तर मला जिवंत सोडणार नाहीत रे!" लिहिताना मीच खुदकन हसले होते.

पोरगी दार लावून बसली आणि मी खाली कोथिंबीर आणायला गेले. अण्णाचं बेगम बाजारात मसाल्याचं ठोक दुकान आहे. तो कधी दुपारी घरी येत नाही, पण त्या दिवशी त्याची कंबर धरली होती. मी जिना चढत होते तेव्हा वरून दार फुटल्याचा आवाज आला. मागोमाग पोरीची किंकाळी.

मी धावत वर गेले. खोलीच्या दाराची कडी उखडून लोंबत होती. अण्णानं पोरीची वेणी मनगटाला गुंडाळली होती आणि तिचं डोकं कपाटावर आपटत होता. "कोण येतोय मागच्या जिन्यानं? बोल! कोण आहे तो?" तिच्या ओठातून रक्त गळत होतं, गोधडीवर, फोनवर, सगळीकडे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी. पोरगी काहीतरी सांगायला बघत होती, पण प्रत्येक शब्दाला चपराक बसत होती.

"अण्णा! माझी गोष्ट आहे ती! माझी गोष्ट!" मी किंचाळले.

त्याला कळेना. मी गादीवरचे कागद उचलून त्याच्या नाकासमोर धरले. वेणी न सोडता त्यानं वाचलं. रेडिओ वाचला, मागचा जिना वाचला. मग वेणी सोडली, पलंगावर बसला आणि हसायला लागला. हो, हसायला! डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं येडे, आधी सांगायचं ना! मला वाटलं खरंच आहे."

वहिनीनं तोंडातला पदर काढला. ती पण हसली. हळद आणायला पळाली. अण्णा पोरीच्या हनुवटीला हात लावून म्हणाला, "दुखलं का बाळा? संध्याकाळी आइस्क्रीम आणतो, काय?" आणि मला म्हणाला, "काय तू पण, काहीही लिहितीस." घरावरचं संकट टळलं होतं ना! मलाही सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

पोरगी भिंतीला टेकून उभी होती. बाहीनं तोंड पुसलं आणि विचारलं, "पप्पा, खरं असतं तर?"

"जाऊ दे आता."

"नाही, सांगा ना. खरं असतं तर बरोबर मारलं असं झालं असतं?"

"मग काय ओवाळलं असतं?" अण्णा अजून हसतच होता.

"मग मारा," ती म्हणाली. "हे खोटं होतं. पण मुलगा आहे. माझ्या ऑफिसमध्ये आहे, तेलुगू आहे. मी त्याच्याशीच लग्न करणार."

काय गरज होती बाई? सुटली होतीस की! पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, आज ही असली सुटका घेणार नाही.

अण्णा उठला. या वेळी ओरडला नाही, तेच वाईट. त्यानं तिचा गळाच धरला. एका हातानं गळा, दुसऱ्यानं पोटात, छातीत, जिथं लागेल तिथं. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या घातल्या, दंडाला चावले. त्यानं मला झटकलं तशी मी दारावर आदळले, चष्मा फुटला. पोरीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. मी स्वयंपाकघरात गेले, पोळपाटावरचं लाटणं उचललं आणि परत येऊन अण्णाच्या कोपरावर सगळ्या ताकदीनं हाणलं. हाडाचा आवाज झाला. परत हाणलं. तो खाली बसला तरी मी हाणतच होते, खांद्यावर, पाठीवर. राग एकट्या त्याच्यावरचा नव्हता, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. पोरीनंच माझा हात धरला. "बस आत्या. बस."

वहिनीनं बाहेरचं दार उघडलं. आमच्या चपला जिन्यात फेकल्या, माझी पर्स माझ्या हातात कोंबली. "जा," एवढंच म्हणाली. तिच्या हातांना अजून कणीक लागलेली होती.

दिलसुखनगरात एका कोचिंग क्लासच्या वरची खोली घेतली. पोरगी तिथूनच ऑफिसला जाते. लग्न ठरलंय, घाई नाही. रेकॉर्डिंग तिनं सोडलं. बंद दाराआड, डोक्यावर गोधडी घेऊन तिला बसवतच नाही. मी मात्र लिहिते. संपादक बाई परवा म्हणाल्या, "ताई, तुमची नायिका हल्ली फार तडकाफडकी उत्तरं देते हो." म्हटलं, "देऊ दे की!"

मागच्या रविवारी अण्णा आला. दारात उभा राहिला, आत येईना. वाळला होता. कोपर अजून सरळ होत नाही, ते बघून मला वाईट वाटलं नाही. हातात पिशवी होती, वहिनीनं केलेल्या करंज्या. मला म्हणाला, "ती जेवते का नीट?" आतून आवाज ऐकून पोरगी आपणहून बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली.

"लग्नाला बोलावशील ना?" त्यानं विचारलं. अण्णाचा आवाज असा फुटलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. ती म्हणाली, "हौ पप्पा. या."

अण्णाचे डोळे भरून आले. तिच्या डोक्यावरून फिरवायला त्यानं चांगला हात वर केला. ती चटकन खाली बसली, गुडघ्यांत मान घालून, दोन्ही हातांनी डोकं झाकून.

अण्णाचा हात तसाच वर राहिला. "मी मारणार नव्हतो गं," तो म्हणाला.

"मला काय माहीत," खालूनच ती म्हणाली.