खाण्यात न धरलेले मुरमुरे

“मामा, खरं सांगा. जेवण सोडून दुसरं काय खाता?”

“काय नाय, ताई.”

कडुबा मामा तिसऱ्यांदा माझ्यासमोर बसले होते आणि शुगर पुन्हा वरच. मी संभाजीनगरात डायटीशियन आहे. कोणी काय, किती, कधी खावं ते ठरवून देते. मामा वेरूळकडचे, मेंढरं राखणारे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शुगर आटोक्यात येईना म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन दोनदा पुढं ढकललेलं.

“तोंडावरून मेंढरू वळखायचो मी,” मामा म्हणाले. “आता समदी सारखीच दिसत्यात. लोकाचं आपल्यात शिरलं तरी कळत नाय.”

गोड बंद, चहा बिनसाखरेचा, भाकरी मोजून, गोळ्या वेळेवर. सोबत आलेली त्यांची सून शपथेवर सांगत होती. मला सरळ राग आला. कोणीतरी खोटं बोलतंय, असंच वाटलं.

रविवारी मी थेट त्यांच्या माळावर गेले. भर दुपार. मेंढरं लिंबाखाली बसलेली. मामांनी पिशवीतून मुरमुरे काढले आणि निम्मे माझ्या ओंजळीत ओतले. बसलो. कुठंतरी एक घुंगरू वाजायचं, थांबायचं, परत वाजायचं. समोरचा डोंगर उन्हात पुसट होत चाललेला. सावली आमच्या पायांवरून हळूहळू पलीकडं सरकली. इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ओंजळ रिकामी झाली की मामा न विचारता भरत होते. पिशवी अर्धी झाली तेव्हा कुठं मी भानावर आले.

“मामा, हे रोज?”

“व्हय. मेंढरं बसली की.”

“मग सांगितलं का नाही?”

“हे काय खाणं हाय का, ताई? ताट घेऊन बसतो ते खाणं. हा नुसता हाताला चाळा. अन् मुरमुरा लई हलका, वजनच नाय त्याला.”

म्हणजे खोटं कोणी बोललंच नव्हतं. मीच चुकीचं विचारत होते. मुरमुरा हलका खरा, पण तो शेवटी तांदूळच, तोही फुगवलेला. पोटात गेला की भराभर पचतो आणि शुगर झपकन चढते.

मुरमुरे मी बंद केले नाहीत. त्यांची दुपारच काढून घेतल्यासारखं झालं असतं, माझं मन होईना. एक छोटी डबी दिली. त्यात मूठभर मुरमुरे, त्याहून जास्त फुटाणे, थोडे शेंगदाणे, वर कांदा. फुटाणे चावायला वेळ लागतो, पचायलाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशाच चालू.

“अन् डबी संपल्यावर काय करू?”

“बसून मेंढरं बघा.”

“दिसत नाय ना, ताई.”

“म्हणून तर डबी.”

शुगर उतरायला तीन महिने लागले. मग ऑपरेशन झालं. मामा मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, सगळी मेंढरं वळखली, एक सोडून. ते लोकाचं निघालं.

मग बराच वेळ माझ्याकडं निरखून बघत राहिले.

“ताई, पदरावर मुरमुरा हाय तुमच्या.”

होता. माझ्याच पर्समधल्या पुडीतला. आता मी प्रत्येक पेशंटला पहिल्यांदा हेच विचारते, पिशवीत काय असतं? त्या दिवशी स्वतःला विचारायचं राहिलं होतं.