आलो त्या वाटेनं नाही

आमच्या अख्ख्या शहरात रस्ता चुकण्याचं काम आमच्या साडूंइतकं मन लावून कुणी करत नसेल. नोकरी सगळी सरकारी जमीन-मोजणीत गेली. लोकांची बांधावरची भांडणं यांनी साखळी टाकून मिटवली. पण निवृत्त झाले, पायात पळायचे बूट चढवले आणि दिशा नावाच्या गोष्टीशी त्यांचा संबंधच संपला. रोज पहाटे माझ्या दारात हजर. "चला, नवी वाट दाखवतो." ही नवी वाट त्यांनाही नवीच असायची, हे मला फार उशिरा कळलं. सध्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं ते पलंगावर आहेत. परत पळता येईल का, यावर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणतात, आणि त्या "बघू"नं साडूंची झोप उडाली आहे.

आलो त्याच वाटेनं परत फिरणं त्यांना कधीच मंजूर नव्हतं. गोगाबाबा टेकडीवर सगळी दुनिया ज्या बाजूनं चढते त्याच बाजूनं उतरते. साडू मात्र माथ्यावर पोचले की मकबऱ्याकडं बघत एक लांब श्वास घ्यायचे आणि भलतीकडूनच उतरायला लागायचे. "ओ साडू, इकडून वाट नाय!" मी ओरडायचो. "नाय कशी? मग बकऱ्या कशा उतरल्या?" बाभळीचे काटे उपसत आम्ही कुठंतरी निघायचो. कधी हिमायत बागेच्या मागं, कधी कुणाच्या तुरीत, तर कधी अशा एखाद्या कॉलनीत, की तिथला वॉचमन आम्हालाच विचारायचा, आत आलात कुठून? माझ्या मनगटावरचं घड्याळ अंतर मोजतं, याचा तर त्यांना भारी राग. "त्याला काय कळतंय? ते कुठं दमलंय?"

एकदा सातारा डोंगरामागं असे हरवलो की ऊन पार डोक्यावर आलं. पाणी संपलं, माझा धीर संपला, आणि उतरलो ते थेट एका लग्नाच्या मांडवामागं. मोठमोठ्या देगांमध्ये मटणाचा कलिया रटरटत होता. मी शरमेनं अर्धा झालो. साडूंनी मात्र घाम पुसत यजमान बुजुर्गांना असा काही झोकात सलाम ठोकला की ते हसून म्हणाले, "दौडते दौडते आए? फिर तो बैठोच. भूके नक्को जाव." घामेजल्या बनियनवर आम्ही नान-कलिया हाणला. घरी माझ्या बायकोनं, म्हणजे त्यांच्या मेव्हणीनं, विचारलं, "किती पळालात दाजी?" दाजी म्हणाले, "जेवण पचंल इतकं."

आता ते पलंगावरून फोनवर मला पळवतात. परवा मी एकटाच निघालो, कानात त्यांचा आवाज. "ओढा ओलांडला? आता डावीकडं. कडुलिंबाखालून पुढं जावा, माझी लई आवडती वाट हाय ती." गेलो, तर कधी नव्हे ते साडूंचं म्हणणं बरोबर निघालं. कडुलिंब होता. पण त्याच्या पलीकडं वाट नव्हती. कुणीतरी प्लॉट पाडून कोरी करकरीत भिंत उभी केली होती.

"वाट हाय ना?" त्यांनी विचारलं. काट्याकुट्यात बिनधास्त घुसणाऱ्या या माणसाच्या आवाजात एवढी धास्ती मी कधी ऐकली नव्हती.

"हाय की," मी म्हणालो, "एकदम मोकळी हाय."

"मग थांबलात कशाला? पळा. बोलू नका, मला नुसतं ऐकू द्या."

मी भिंतीकडं तोंड करून जागच्या जागी पळायला लागलो. एक दूधवाला गाडी थांबवून माझ्याकडं बघत राहिला. बघू दे बापड्याला. मग साडू हळूच म्हणाले, "सांभाळून हं, आता उतार हाय."

मी पावलं जरा जपून टाकायला लागलो.